बाल्कनीत लाकडी डेक करताय? फळीआधी फळीखालचं पाणी बघा!

बाल्कनी मेकओव्हरची रील पाहिली नाही असा माणूस आता शोधून सापडणार नाही. पांढऱ्या टाइल्सवर तपकिरी फळ्या, कोपऱ्यात मनी प्लँट, वर पिवळ्या दिव्यांची माळ आणि हातात कॉफीचा मग. ही रील बहुधा डिसेंबरातली असते. त्याच डेकची जुलैमधली रील मात्र कुणी टाकत नाही!

खरी परीक्षा असते ती जुलैतच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे पाच चौरस मीटरच्या उघड्या टेरेसवर एका पावसाळ्यात 10,000 लिटर, जवळजवळ एक टँकर पाणी ओतलं जातं. रत्नागिरीत तर याच्या दीडपट.

लाकूड हे सोसतं का? सोसतं, पण लाकूड कुठलं ते महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. ती 1817 मध्ये बांधली गेली आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली, आणि सागवानात. सागाच्या गाभ्यात मुळातच तेलकट द्रव्यं असतात. त्यामुळे पाणी, बुरशी आणि वाळवी यांना तो सहजी दाद देत नाही.

इथेच एक मेख आहे. हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. सालीकडचा फिकट, पिवळसर भाग तितका टिकत नाही आणि त्याला वाळवीही लागते. लवकर तोडलेल्या झाडात हा फिकट भाग जास्त निघतो, पण बिलावर दोन्हीचं नाव ‘सागवान’च असतं. म्हणून फळी उलटून मागची बाजूही बघायची. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, मात्र त्यातले खिळे आधी काढून घ्यावे लागतात. उन्हापावसात साग चंदेरी करडा होतो. तो कुजणं नव्हे, नुसता रंग उडणं. मूळचा रंग हवा असेल तर दरवर्षी तेल लावायची तयारी ठेवावी लागते.

दुसरा पर्याय सध्या सगळ्यात जास्त विकला जातो, तो म्हणजे डब्ल्यूपीसी. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून ओढलेली फळी. वाळवीची कटकट नाही, पॉलिशचा खर्च नाही. विक्रेते ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणतात ते बऱ्यापैकी खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. भुसा पाणी पितो, त्यामुळे साध्या फळीवर डाग आणि काळी बुरशी येऊ शकते. ज्या फळीवर वरून प्लॅस्टिकचं वेगळं आवरण चढवलेलं असतं ती महाग पडते, पण टिकते. प्लॅस्टिकमुळे ही फळी उन्हात लांबीने वाढते. तीन मीटरची फळी थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत काही मिलिमीटर लांबते. सुताराने ती भिंतीला घट्ट भिडवली, तर उन्हाळ्यात ती कमानीसारखी वर उचलली जाते, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. गडद रंगाच्या फळीवर मे महिन्यात अनवाणी उभं राहून बघा, मग रंग निवडा.

आणखी एक घोटाळा म्हणजे बाथरूमच्या दारासाठी मिळणारे फोमचे बोर्डही दुकानात ‘डब्ल्यूपीसी’ म्हणूनच ओळखले जातात. ते डेकसाठी नाहीत.

ट्रीटेड पाइन स्वस्त पडतं. औषध आत मुरवलेलं असतं, पण फळी कापली की आतला कोरा भाग उघडा पडतो, तिथे पुन्हा औषध लावायलाच हवं. औषध कोणतं तेही विचारा. आर्सेनिक असलेलं मिश्रण अमेरिकेत घरगुती वापरासाठी 2003 च्या अखेरीस बंद झालं. ब्राझीलचं इपे लाकूड अतिशय कणखर असतं, पण 2024 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं आहे.

लाकडाचा हट्ट नसेल तर शहाबादी फरशी आजही कुणाला हार जात नाही. फक्त ती खडबडीत घ्यायची. गुळगुळीत पॉलिशची फरशी पावसात आजी-आजोबांसाठी धोक्याची. टाइल घेणार असाल तर डब्यावर ‘आर 11’ किंवा त्यापुढचा आकडा शोधा, म्हणजे ओल्यात पाय घसरण्याची भीती कमी. वीस मिलिमीटर जाडीची टाइल प्लॅस्टिकच्या पायांवर नुसती ठेवता येते आणि हवी तेव्हा उचलता येते. मात्र तिचं वजन चौरस मीटरला 45 किलोच्या आसपास जातं, शिवाय वर कुंड्या येणारच. जुन्या इमारतीत आधी इंजिनीअरला दाखवलेलं बरं.

एवढं करूनही डेक फसतो तो बहुतेकदा खालच्या सांगाड्यामुळे. स्लॅबमध्ये ड्रिल मारून सांगाडा ठोकला, की वरचं वॉटरप्रूफिंग, मग तो ब्रिकबॅट कोबा असो की रासायनिक थर, भोकाभोकाने फुटतं. पुढच्या पावसात खालच्या फ्लॅटचं छत गळतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत सुरू होतं. त्यामुळे फ्लॅटच्या टेरेसवर सांगाडा नुसता टेकवलेला हवा, आणि त्याच्या आडव्या पट्ट्यांनी ढाळावरून वाहणारं पाणी अडता कामा नये. फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट हवी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि सागवानावर काळे ओघळ उमटवतात. समुद्राजवळ तर 304 ऐवजी 316 ग्रेडचेच घ्यावेत.

काम सुरू करण्याआधी टेरेसवर दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे साचतं ते बघा. ढाळ चुकला असेल तर आधी गवंडी बोलवावा, सुतार नंतर. आणि जाळीच्या बरोबर वरचा फळ्यांचा तुकडा हाताने उचलता येईल असाच बसवून घ्या. आंब्याची पानं आणि कबुतरांची पिसं दर पावसाळ्यात तिथेच जाऊन अडकतात.