शंभर डाव की लाख?

समजा, दोन खेळाडू आपापल्या हिशेबाच्या वह्या तुमच्यापुढे ठेवतात. दोघेही संगणकावर पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा खेळतात. पहिल्याला शंभर स्पर्धांत दहा टक्के नफा झाला आहे. दुसऱ्याने शंभर स्पर्धांत भरलेले सगळे शुल्क घालवले आहे. यांतला चांगला खेळाडू कोणता? घाईने उत्तर देऊ नका. दोघे कोणत्या प्रकारच्या स्पर्धा खेळले, हे आधी विचारा.

पोकरमध्ये पाने दैवाने येतात. पण पैज केव्हा वाढवायची आणि पाने केव्हा टाकून द्यायची, हे खेळाडू ठरवतो. स्पर्धेत प्रत्येकजण सारखे शुल्क भरतो, सारख्या चिप्स घेऊन बसतो आणि त्या संपल्या की बाहेर पडतो. दोघांचीच लढत, नऊ जणांचे एक टेबल, हजारोंची प्रचंड स्पर्धा असे अनेक प्रकार असतात. आपण दोन टोकेच पाहू.

शुल्क १०० डॉलर धरू. दोघांच्या लढतीत जिंकणाऱ्याला २०० डॉलर मिळतात. आपला खेळाडू कसबी आहे; तो १०० पैकी ५५ लढती जिंकतो. म्हणजे दर लढतीमागे त्याला सरासरी ११० डॉलर परत मिळतात, नफा १०. आता हजार जणांची स्पर्धा घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळे १,००,००० डॉलर पहिल्यालाच देऊ. (प्रत्यक्षात बक्षिसे बऱ्याच जणांत वाटली जातात, त्यामुळे चढउतार थोडे सौम्य होतात.) साधारण खेळाडूची जिंकण्याची संभाव्यता हजारात १, आपल्या कसबी खेळाडूची १.१ धरू. सरासरी परतावा पुन्हा ११० डॉलर, नफा पुन्हा १०!

कागदावर दोन्ही स्पर्धा सारख्याच. पण प्रत्यक्ष निकाल सरासरीभोवती किती विखुरतात, ते प्रमाण विचलन सांगते. लढतीत ते सुमारे १०० डॉलर येते, मोठ्या स्पर्धेत सुमारे ३,३००. डाव वाढवले की सरासरीतली अनिश्चितता घटते खरी, पण ती डावांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. म्हणून ही अनिश्चितता १० डॉलरवर, म्हणजे नफ्याएवढीच, आणायला लढती शंभर पुरतात. मोठ्या स्पर्धा मात्र सुमारे १,१०,००० लागतात. रोज दहा खेळल्या तरी तीस वर्षे!

आता त्या वह्यांकडे वळू. दुसरा खेळाडू हजार जणांच्या स्पर्धा खेळला असेल, तर त्याच्या वहीवरून काहीच कळत नाही. आपल्या कसबी खेळाडूलाही शंभर स्पर्धांत एकही विजय न मिळण्याची संभाव्यता सुमारे ९० टक्के आहे. हजार स्पर्धा खेळूनही अशा तिघांपैकी एक जण कोराच राहील. उलट, कच्च्या खेळाडूंची संभाव्यता हजारात ०.९ धरली, तर हजार स्पर्धांनंतर त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे २३ जण दोन किंवा अधिक विजय मिळवून नफ्यात असतील, आणि आपल्या कसबाच्या गोष्टी सांगतील. पहिल्या खेळाडूनेही फार फुशारू नये. निव्वळ दैवावर खेळणाऱ्यालाही शंभर लढतींत ५५ किंवा अधिक विजय पाचांत जवळजवळ एकदा मिळतात.

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पुढे आला आणि लास व्हेगासच्या जागतिक पोकर मालिकेतली ८३९ जणांची मुख्य स्पर्धा जिंकला. बक्षीस २५ लाख डॉलर. त्या एका विजयाने असंख्य लोक या खेळाकडे वळले. पण त्याच्या कसबाविषयी तो एक निकाल फारच थोडे सांगत होता.

आणखी एक गोष्ट आपण हिशेबात धरलेली नाही: स्पर्धा चालवणाऱ्याची कपात. ती शंभरामागे दहा डॉलर असली, तर आपल्या कसबी खेळाडूचा नफा शून्य! भारताच्या संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. गणित करायला मात्र पैसे लागत नाहीत.

वर्गात करून पाहा. डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. अकरांवर ‘जिंकलो’, नऊंवर ‘हरलो’ लिहा. एक चिठ्ठी काढा, नोंद करा, परत टाका आणि डबा हलवा. असे प्रत्येकाने शंभर वेळा करावे आणि आपले विजय फळ्यावर लिहावेत. सगळ्यांचे ‘कसब’ अगदी सारखे आहे; तरीही चाळीस जणांच्या वर्गात साधारण पाच जण पन्नासच्या खाली असतील.