माव्याच्या मागावर

उसावरचा लोकरी मावा खाणारी डिफा नावाची एक अळी आहे. ती भरपूर वाढवायची तर आधी लोकरी मावा वाढवावा लागतो, कारण दुसरे काही ती सहसा तोंडाला लावत नाही. म्हणजे ज्या किडीने शेतकऱ्याला मेटाकुटीला आणले, तीच शेडनेटमध्ये ऊस लावून, खतपाणी घालून पोसायची. २००२ नंतरची काही वर्षे पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हा उद्योग हिरिरीने चालला होता. त्यात कृषी विद्यापीठे होती, साखर कारखाने होते, बंगळूरची एक केंद्रीय संस्था होती आणि पार आसामातल्या जोरहाटचे लोकही होते.

मावा तसा नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरच्या उसावर त्याची शास्त्रीय नोंद झाली. बंगाल, आसाम, नागालँडात तो कित्येक दशके मुक्कामाला होता आणि तिकडे त्याचा फारसा बोभाटा झाला नव्हता. २००२च्या जुलैत तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता आसपासच्या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात पोचला. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर. बोटाने तो बाजूला सारला की खाली दाटीवाटीने रस शोषत बसलेले किडे. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. मग एकाच पानाची खालची बाजू पांढरी आणि वरची काळी, असा विचित्र प्रकार होतो. काजळी धरलेल्या पानाला ऊन मिळत नाही, ऊस वाढायचा थांबतो, वजनही घटते आणि साखरेचा उताराही.

या किड्याला नराची वाट पाहावी लागत नाही. मादी अंड्यांच्या भानगडीत न पडता थेट पिले देते आणि ती पिले काही आठवड्यांत स्वतः पिले देऊ लागतात. काहींना पंख फुटतात, ती वाऱ्यावर जातात. बिनपंखी माव्याची सोय माणसाने केली. तोडणीच्या हंगामात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे भारे गावोगाव वैरणीला जातात. जिथे वाढे गेले तिथे मावा गेला.

पहिला उपाय अर्थातच पंपाचा. पण आठ-दहा फूट वाढलेल्या, लोळलेल्या उसात पंप पाठीला लावून शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच विचारावे. पाने अंग कापतात, औषध वरून पडते आणि मावा बसलेला असतो खाली, त्यातही मेणचट लोकरीच्या आड. फवारा उलट फिरवून खालून मारावा तर तो फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. सांगलीच्या उसात त्यावेळी जेवढे विष ओतले गेले, त्यातले किती माव्यापर्यंत पोचले असेल याची मला शंकाच आहे. माव्याच्या मागावर आलेल्या कीटकांपर्यंत मात्र ते नक्की पोचले असणार.

ते कीटक आलेलेच होते. शास्त्रज्ञ शेतात फिरू लागले तेव्हा माव्याच्या वसाहतींत त्यांना तीन-चार प्रकारचे भक्षक सापडले. डिफा हा त्यातला म्होरक्या. हा एक लहानसा करडा पतंग, दिव्यावर आला तर कोणी ढुंकून बघणार नाही असा. पतंगांच्या बहुतेक अळ्या पाला, शेंडा, बोंड, दाणा कुरतडतात. याची अळी मात्र पक्की मांसाहारी. ती माव्यातच रेशमाचे जाळे विणते आणि त्याच्या आडोशाने वसाहत फस्त करत पुढे सरकते. तेव्हाच्या पत्रकांत तिचे नाव कोनोबाथ्रा असेही आढळते. दुसरा मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा. याची अळीही मावा खाते आणि प्रौढही खातो. शिवाय सिरफिड माशीच्या अळ्या. आता अडचण अशी, की अळी म्हटली की शेतकऱ्याचा हात आधी पंपाकडे जातो. ‘साहेब, मावा होताच, आता त्यावर अळीपण पडलीय,’ असे कोणी घाबरून सांगत आले तर त्याला दोष देता येत नाही. विस्तार कार्यकर्त्यांचे निम्मे काम ही अळी आपल्या बाजूची आहे, एवढे पटवण्याचेच होते.

इथे संशोधन केंद्रांच्या त्या जाळ्याची ओळख करून द्यायला हवी, ज्याच्यामुळे पुणे आणि जोरहाट एकाच कामाला लागले. पिकांवरील किडींच्या जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७७ मध्ये सुरू झाला. त्याचे मुख्यालय बंगळूरला. तिथल्या संस्थेची पाटी दोन-तीनदा बदलली, आज ती राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखली जाते. केंद्रे मात्र राज्याराज्यांच्या कृषी विद्यापीठांत. महाराष्ट्रातले केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. आसामचे जोरहाटला, तामिळनाडूचे कोइमतूरला. ‘समन्वित’ हा शब्द सरकारी कागदावर फार निर्जीव वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दोन गोष्टी. एक, सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचे. पानाच्या अडीच चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर मावा किती, एका पानामागे डिफाच्या अळ्या आणि कोष किती, मायक्रोमस किती. अशी मोजदाद असली की पुण्याचा आकडा कोइमतुरात वाचता येतो. दुसरी गोष्ट, ज्याच्याकडे जो कीटक आहे तो त्याने जिवंत पाठवायचा.

जोरहाटकडे असा एक कीटक होता. ईशान्येत मावा असूनही उसाचे फारसे बिघडत नव्हते, याला एक कारण होती एन्कार्शिया ही जेमतेम मिलिमीटरभराची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती माव्याच्या अंगात अंडे घालते आणि आतली अळी त्याला पोखरून संपवते. आसाम-नागालँडातून ही माशी दक्षिणेकडे आणली गेली. तिला आणायचे म्हणजे बाधित मावा असलेली पानेच आणायची, ती सुकायच्या आत पोचवायची आणि शेतात बांधायची. पुढे पुण्याच्या केंद्राच्या पाहण्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या उसात डिफा आणि मायक्रोमसच्या जोडीला एन्कार्शियाही स्थिरावल्याची नोंद वर्षानुवर्षे येत राहिली.

डिफाची पैदास प्रयोगशाळेत फार जमत नाही. ट्रायकोग्रामा ही दुसरी परोपजीवी माशी तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर वाढते, कार्डावर चिकटवून टपालानेही जाते. डिफाला जिवंत मावा हवा आणि माव्याला जिवंत ऊस. म्हणून काम शेतातच आले. चार-पाच महिन्यांच्या उसावर शेडनेट उभारायची, आत मावा असलेली पाने सोडायची, वसाहती भरल्या की डिफा सोडायची. महिना-सव्वा महिन्याने आत अळ्या-कोषांची रेलचेल होते. मग पानाचे तुकडे कापायचे आणि बाहेरच्या मावाग्रस्त पानांना खालच्या अंगाने टाचायचे. शिफारस हेक्टरी डिफाच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्यांची. त्यानंतर त्या उसात फवारा नेऊ नये, हे महत्त्वाचे. मांजरीची वसंतदादा साखर संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ, कारखान्यांची ऊसविकास खाती, सगळे या ना त्या रूपात या कामात होते. सहकारी साखर कारखान्यांवर टीका करायला कारणे पुष्कळ असतील. पण गावोगाव सभासद, गटवार शेतकी कर्मचारी आणि कोणाचा ऊस कुठे आहे याची नोंदवही त्यांच्याकडे नसती, तर विद्यापीठाची अळी विद्यापीठाच्या आवारातच राहिली असती.

काही वर्षांत मावा ओसरला. याचे श्रेय डिफाला किती, हे सांगताना जरा हात आखडता घ्यावा लागतो. नेमक्या त्याच काळात दुष्काळही होता. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन होते, ते २००४-०५ ला २२ लाख टनांच्या आसपास आले. ही घसरण एकट्या माव्याच्या खात्यावर टाकणे चूक आणि पुढची भरपाई एकट्या डिफाच्या नावावर जमा करणेही चूक. ऊसच कमी उभा असेल तर मावा बसणार कशावर? पण त्यानंतर पुन्हा ऊस फोफावला, क्षेत्र विक्रमी झाले आणि २००२ सारखा हाहाकार काही झाला नाही. मावा आजही तुरळक दिसतो, आणि तो दिसतो तिथे शोधले तर डिफाही सापडते. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

याच जाळ्याने पुढे पपईवरच्या पिठ्या ढेकणाचा सामना केला. तो कोइमतूरला २००८ मध्ये सापडला, पपईबरोबर तुतीवरही तुटून पडला आणि तामिळनाडूतले रेशीमवाले हवालदिल झाले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचा कीड व्यवस्थापनाचा प्रकल्प यात होता. त्याचे प्रमुख आर. मुनिअप्पन यांनी ही कीड ओळखली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या बंगळूरला आल्या. त्यांच्यासाठीही आधी ढेकूण पोसावे लागले, मोड आलेल्या बटाट्यांवर. त्यातली ॲसेरोफॅगस ही माशी अशी काही चालली की वर्षभरात ओरड थांबली. पहिल्या पाच वर्षांतला फायदा किमान ५० कोटी डॉलर, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मांडला.

ऊसवाल्याची झोप आता हुमणीने उडवली आहे. ती जमिनीत राहून मुळे खाते, आणि डिफाने माव्याचा फडशा पाडला तसा तिचा पाडणारा गडी अजून हाती लागलेला नाही. शेणखतातून द्यायची मेटारायझियम बुरशी आहे, तिचा उपयोग होतो, पण ओल आणि वेळ साधली तर. खरा घाव तिच्या प्रौढ भुंगेऱ्यांवर घालायचा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर ते संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे सगळ्या शिवाराने त्याच दोन-चार संध्याकाळी करायचे असते. बांधापलीकडच्याने हात हलवला नाही, तर त्याच्या बाभळीवरचे भुंगेरे आपल्या उसात अंडी घालायला येतातच.