मायक्रोफोनचा पोत ठरतो कुठे?

हाताने बांधलेल्या स्टुडिओ कंडेन्सर मायक्रोफोनबद्दलची तक्रार बहुधा एकच असते: गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. मग महागड्या कपॅसिटरचा, जुन्या जर्मन व्हॉल्व्हचा शोध सुरू होतो. हा खर्च चुकीच्या जागी होतो, असे मला ठामपणे वाटते. आवाजाचा पोत मुख्यतः ठरतो तो आवाज टिपणाऱ्या कॅप्सूलमध्ये, तिच्याभोवतीच्या जाळीत आणि सर्किट त्या कॅप्सूलला कसे सावरून घेते यात. बर्लिनच्या नॉयमान कंपनीचा १९६० चा ‘यू ६७’ पाहावा. त्याच्या ‘के ६७’ कॅप्सूलचा सोन्याचा मुलामा दिलेला पडदा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. ही कॅप्सूल १०,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुळातच चढवून देते. रचनाकारांनी हा चढ गृहीतच धरला होता. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या विद्युतसंकेताचा काही भाग उलटा परत फिरवून त्यांनी वरचे स्वर पुन्हा खाली आणले. त्याबरोबर सर्किटची स्वतःची सूक्ष्म सळसळही दबली. पुढे या कॅप्सूलच्या स्वस्त नकला निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी, सगळे स्वर सारखेच पुढे धाडणाऱ्या साध्या सर्किटला जोडल्या गेल्या. चढ राहिला, उतार गेला.

कपॅसिटरचा ब्रँड बदलून हा चढ का उतरत नाही, ते हिशेबाने कळते. कॅप्सूलची धारकता ५० पिकोफॅरड आणि तिला जोडलेला रोध १ गिगाओहम धरला, तर खर्जाची घसरण सुमारे ३ हर्ट्झला सुरू होते, म्हणजे ऐकू येण्याच्या मर्यादेच्या बरीच खाली. त्यापुढे संकेत वाहून नेणारा कपॅसिटरही खर्जाच्याच टोकाला काम करतो; तेवढ्याच मूल्याचा दुसरा बसवला तर १०,००० हर्ट्झपाशी काहीच हलत नाही. ते हलवायचे तर परतीच्या वाटेवरच्या रोधाचे आणि छोट्या कपॅसिटरचे मूल्य बदलावे लागते.

‘पण फरक ऐकू येतो ना!’ असे अनुभवी लोकही म्हणतात. त्यांच्या कानांबद्दल मला आदर आहे. पण दोन ध्वनिमुद्रणांची पातळी काटेकोर जुळवलेली नसेल तर किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि गायक दोन इंच सरकला तरी पोत बदलतो. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह मोठ्या आवाजाला भरीवपणा देतात, हे खरे. टोचणारा ‘स’ मात्र त्याने मऊ होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वरचे स्वर मुद्रणानंतर इक्वलायझरने कमी का करू नयेत? समोरून आलेल्या आवाजापुरते ते चालते. पण बाजूने, भिंतींवरून येणारा आवाज कॅप्सूल वेगळ्याच समतोलाने टिपते आणि इक्वलायझर दोन्हींना एकच कात्री लावतो. शिवाय अरुंद, दाट जाळीच्या आत परावर्तित होऊन उशिरा पडद्यावर आदळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून गेलेला असतो. तो नंतर वेगळा काढता येत नाही. म्हणून सोल्डरिंग गन तापवण्याआधी जाळी उतरवून तोच आवाज पुन्हा मुद्रित करावा. थोडी विजेची गुणगुण येईल, पण जाळीचा वाटा किती ते लगेच कळेल.