जनावराच्या अंगाखाली काय घालावे?

बकरी ईद महिन्यावर आली की संगमनेरच्या आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी एक पाहुणा मुक्कामाला येतो. जिन्याखाली, मोरीशेजारी, गच्चीवर, जिथे जागा सापडेल तिथे बोकड बांधला जातो. मग येणारा-जाणारा विचारतो, केवढ्याला घेतला? दात किती? वजन किती भरेल? चारा काय घालता? बोकड रात्री कशावर बसतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला वाटते, हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

शेळी किंवा बोकड दिवसाचा बराचसा वेळ बसून रवंथ करतो. शहाबादी फरशी किंवा टाइल्सवर मूत साचले की ती निसरडी होते. बोकड उठताना घसरतो, गुडघ्यांवर आपटतो, पाय मुरगळतो. सतत ओल्यात उभे राहिल्याने खुरांच्या बेचक्यात जखम होते, ती सडते आणि जनावर लंगडू लागते. उघड लंगडणारे जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. आठवडाभर आधी असे काही झाले, तर हजारो रुपये खर्चून घेतलेल्या जनावराबद्दल मौलानांना मसला विचारायला धावावे लागते. थोड्याशा भुशाने ही धावपळ टळू शकते.

दुसरा त्रास वासाचा. मुतातून अमोनिया वायू सुटतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो कमी जाणवतो, कारण तो जमिनीलगत जास्त असतो, आणि बोकडाचे तोंड तिथेच असते. म्हणून सकाळी गोठ्यात गेलात की क्षणभर उकिडवे बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबले, तर बोकडाने रात्रभर तेच सोसले आहे असे समजा. त्याला खोकला, सर्दी, पाणीदार डोळे होण्याचे हे एक मोठे कारण असते.

शेळीच्या बाबतीत संगमनेरचे नाव मोठे आहे. ‘संगमनेरी’ ही देशातल्या मान्य जातींपैकी एक जात. अहिल्यानगर, नाशिक, पुणे या पट्ट्यात ती आढळते. रंग पांढरा, काळा, तपकिरी किंवा मिश्र. दूध आणि मांस दोन्हींसाठी उपयोगी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर खास संशोधन प्रकल्प चालतो. आपल्या कोरड्या हवेत ही शेळी वाढली आहे. ऊन ती सोसते, चारा कमी असला तरी तग धरते, पण ओल तिला मानवत नाही. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2023 साली ती 29 जूनला आली आणि त्याच दिवशी आषाढी एकादशीही होती. 2024 ला 17 जून, 2025 ला 7 जून. म्हणजे या वर्षांत बोकड घरी आले ते वळवाच्या सरींत, नाहीतर मृगाच्या पावसात. पत्र्यावर पाऊस, खाली ओली फरशी आणि मध्ये जनावर.

आता काय घालावे ते पाहू. मुरुमाची चोपलेली जमीन असेल तर उत्तम, ती मूत शोषून घेते. फरशी असेल तर तिला थोडा उतार हवा आणि वर तीन-चार बोटे जाड कोरडा थर. आपल्या भागात गव्हाचा भुसा, सोयाबीनचा भुसा, बाजरीचे तोडलेले सरमड सहज मिळते. मोठ्या बोकडाला ऐसपैस बसायला साधारण दोन चौरस मीटर जागा लागते, शेळीला एक. एवढ्याशा जागेला एक-दोन पोती भुसा पुष्कळ झाला. रोज सकाळी ओला झालेला भाग तेवढा उचलायचा, खाली चिमूट-चिमूट विझवलेला चुना भुरभुरायचा, वर कोरडा भुसा टाकायचा. सगळे दररोज बदलायची गरज नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोकड आपले अंथरूण खातो. म्हणून जे त्याने खाल्ले तर चालणार नाही, ते खाली घालू नये. भिजून बुरशी धरलेला भुसा, सुतळीचे तुकडे, खताच्या प्लॅस्टिक गोण्या, रंगीत छपाईचे कागद, हे सगळे बाद. गोणीचे धागे पोटात गेले की गोळा होऊन बसतात आणि मग पोटफुगी. ज्या भुशात गहू बराच राहिला आहे, तोही धोक्याचा, कारण बोकड दाणे वेचून खातो आणि पोट बिघडते. गोणपाट मात्र चालते, पण रोज उन्हात टाकायला हवे.

आणखी एक, खास आपल्या गावाचे. संगमनेरात विडीचे काम जुने. आपल्या कितीतरी आया-बहिणींच्या सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू असते. पानांची कात्रणे कोरडी, हलकी आणि फुकट, म्हणून ती जनावराखाली टाकायचा मोह होतो. आमचे मत आहे की टाकू नयेत. त्यात तंबाखूची भुकटी मिसळलेली असते आणि तंबाखू शेळीला, कोंबडीला, दोघींनाही विष आहे.

कोंबड्यांचा हिशेब वेगळा. संगमनेर तालुक्यात पोल्ट्रीची शेडे ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्याकडून घरातल्या चार-सहा कोंबड्यांसाठी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शेडवाले खाली भाताचे तूस पसरतात. शेजारच्या अकोले तालुक्यात भात पिकतो. तूस कोरडे राहते, चिकटत नाही, कोंबडी ते पोटभर खात नाही. दोन ते तीन इंचांचा थर पुरतो, पावसाळ्यात जरा जाड. तूस मिळाले नाही तर सुताराकडची रंध्याची सालपटे घ्यावीत, करवतीची बारीक भुकटी नको. ती उडते, पिल्लांच्या नाकात जाते. प्लायवुडचा भुसा तर कधीच नको, त्यात डिंक आणि रसायने असतात. शेंगांची टरफले चालतात, पण ती लवकर बुरशी धरतात. उसाचे चिपाड आपल्याकडे विपुल आहे, मात्र ते ओल धरून घट्ट बसते, त्यामुळे नीट वाळवून, बारीक करूनच वापरावे. एक दिवसाची पिल्ले आणली तर पहिले तीन दिवस तुसावर खरखरीत कागद अंथरावा, नाहीतर ती खाद्य समजून तूसच टिपत बसतात. गुळगुळीत कागद नको, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात.

थर ओला झाला की नाही, हे ओळखायची शेडवाल्यांची युक्ती सोपी आहे. मूठभर तूस हातात घेऊन दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर फार ओले. हळूहळू सुटला तर ठीक. मुळीच आकार धरला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडे. दर दोन दिवसांनी दाताळ्याने थर खालीवर करावा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ढेपाळलेला भाग काढून टाकावा. ओल्या थरात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि आठवड्यात निम्मी पिल्ले जाऊ शकतात. घरातली बाई अंड्यांच्या पैशावर मुलांच्या वह्या घेत असेल, तर हा तोटा लहान नाही.

जाड, उबदार, कोरडा थर आणि आजूबाजूला सांडलेले दाणे असले की उंदीर येतात. उंदीर आले की साप येतो. खुराड्यामागे रचलेला भुसा, लाकडे, विटा यांत तो दिवसा लपतो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही मोठे विषारी साप आहेत. म्हणून भुशाची पोती भिंतीला चिकटून न ठेवता फळीवर, जमिनीपासून हातभर उंच ठेवावीत. पहाटे अंधारात अंड्यांसाठी हात घालायचा झाला तर आधी बॅटरी लावावी. मुलांना तर हात घालू देऊच नये. साप दिसला तर मारायला धावू नका, त्यातच जास्त दंश होतात. वनविभागाचा 1926 हा क्रमांक फुकट आहे. दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. अंगठी, बांगड्या काढा, दंश झालेला भाग हलवू नका आणि 108 ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालयात जा. सर्पविषावरची लस तिथे मिळते आणि ती या चारही सापांच्या विषावर चालते. झाडफुंकीत गेलेला तास परत मिळत नाही.

आता मोबाइलवाल्या मुलांचा एक प्रश्न. परदेशातल्या चित्रफितींत काचेच्या पेटीत पाळलेले अजगर दिसतात आणि मुलगा म्हणतो, अब्बू, मलाही एक आणा, पेटीत लाकडाची सालपटे मी टाकीन. त्याला रागावण्याआधी नीट सांगावे. भारतात आढळणारा कोणताही साप घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अजगर पकडला किंवा बाळगला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी जातीच्या अजगरासाठीही 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. कागदपत्रांशिवाय विकत मिळणारा साप बहुतेक वेळा चोरट्या वाटेने आलेला असतो.

अंथरुणाबद्दल मुलाने विचारलेच, तर तेही सांगता येईल. परदेशात सापाखाली बहुधा साधा वर्तमानपत्राचा कागद, अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाची सालपटे किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घालतात. देवदारासारखी उग्र वासाची लाकडे टाळतात, कारण त्यांच्या तेलाने सापाच्या श्वासाला अपाय होतो. बंद पेटीत ओल फार राहिली की सापाच्या कातडीवर फोड येतात. पाहा, नियम तोच निघाला, कोरडे ठेवा आणि उग्र वासाचे काही घालू नका. हा सगळा उत्साह त्याने घरातल्या बोकडाच्या अंथरुणावर खर्च केला तर आम्हाला आनंद होईल. आणि साप पाहायचाच असेल तर सुटीत पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात न्यावे.

राहता राहिले काढलेले अंथरूण. ते गटारीत लोटू नये. भुसा फुगून गटार तुंबते आणि पहिल्या पावसात घाण सगळ्या गल्लीभर पसरते. लेंड्या आणि भुसा पोत्यात भरून सावलीत ठेवावा, अधूनमधून पाणी शिंपडावे. तीन-चार महिन्यांत छान खत होते. कोंबडीचे तूस ताजे असताना झाडाला घालू नये, ते उष्ण असते, मुळे जळतात. कुजल्यावर मात्र मेंदीच्या नाहीतर कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओंजळभर टाकावे. दारात जागा नसेल तर जवळच्या शेतकऱ्याला विचारा. डाळिंबवाले असे खत आनंदाने घेतात, कधी कधी त्या बदल्यात पोतेभर कोरडा भुसाही देतात.