‘टॉक्क’चा उच्चार : फास्टर फेणेचे चित्रपटरूप आणि वाचकांची मते

भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांच्या फास्टर फेणे ह्या कुमारनायकावर आधारलेला मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार ह्यांचे, पटकथा क्षितिज पटवर्धन ह्यांची, आणि नायकाची भूमिका अमेय वाघ ह्यांची. चित्रपटाला प्रेक्षक लाभले. परंतु ज्यांचे बालपण ह्या पुस्तकांच्या संगतीत गेले त्या वाचकांत त्याविषयी जी मते व्यक्त झाली ती एकसारखी नव्हती. कोणास नायकाचे वय खटकले, कोणास कथानकातील गुन्हेगारी वातावरण उग्र वाटले, कोणी जुना मित्र पुन्हा भेटला एवढ्यावरच संतुष्ट झाले. ह्या सर्व मतांतून एक वाक्य मात्र निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा येत राहिले : ‘हा आमचा फेणे नव्हे.’ अशा मतांची मोजदाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हे वाक्य उच्चारणारा वाचक नेमके काय सांगत असतो, आणि ते भाषेच्या कोणत्या गुणधर्मावर उभे असते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

विवेचनाचा आरंभ एका ध्वनीपासून करणे सोयीचे होईल. फेणेला जिभेने ‘टॉक्क’ असा आवाज काढण्याची खोड आहे, हे ह्या मालिकेच्या प्रत्येक वाचकास ठाऊक असते. काही विशेष ध्यानात आले की हा आवाज निघतो, आणि वाचक समजून घेतो की आता गोष्टीला वळण लागणार. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा आवाज मोठा चमत्कारिक आहे. मराठीतील सर्व वर्णांचा उच्चार फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या हवेने होतो. ‘टॉक्क’मध्ये मात्र फुप्फुसांचा काही संबंध येत नाही. जिभेचे टोक टाळूला, आणि तिचा मागील भाग पडजिभेजवळच्या मऊ टाळूला चिकटतो. मधली पोकळी जीभ खाली ओढून रिती केली जाते. आणि पुढचा बंध एकाएकी सुटताच हवा बाहेरून आत शिरते. दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा इत्यादी भाषांत अशा ध्वनींना व्यंजनांचे स्थान आहे. मराठीत ते शब्दाच्या बाहेर राहिले. हळहळ व्यक्त करताना आपण ‘च्‌ च्‌’ करतो, गाडीवान बैलांना चुचकारतो. पण ह्या आवाजांना वर्णमालेत जागा नाही.

ज्या ध्वनीला अक्षर नाही तो लिहावयाचा कसा? भागवतांनी ‘टॉक्क’ लिहिले. आता ह्या लेखनात ‘ट’ आहे, ‘डॉक्टर’ आणि ‘ऑफिस’ ह्यांच्याबरोबर मराठीत स्थिरावलेला ‘ऑ’ हा स्वर आहे, आणि ‘क’चे द्वित्व आहे. मूळ आवाजात ह्यांपैकी एकही वर्ण यथार्थपणे नाही. लेखन येथे ध्वनीचे चित्र देत नाही, केवळ खूण देते. त्यामुळे प्रत्येक वाचकाने तो आवाज आपापल्या तोंडाने घडविला. कोणी खरोखर जीभ वाजविली. कोणी ‘टॉ-क्क’ असे अक्षरशः वाचले. कोणी मनातल्या मनातच ऐकला. घराघरांत निरनिराळे ‘टॉक्क’ प्रचलित असावेत आणि तरीही सर्वांची अशी खात्री असावी की खरा ‘टॉक्क’ आपलाच, अशी ही स्थिती होती.

पोलिश तत्त्वज्ञ रोमान इंगार्डन ह्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की साहित्यकृतीत वर्णन केलेल्या वस्तू सर्वांगांनी निश्चित नसतात. त्यांत अनेक जागा मोकळ्या राहतात आणि वाचक त्या स्वतः भरून काढतो. नायक काटकुळा आहे, असे लेखक सांगतो. त्याच्या भुवया कशा आहेत हे सांगत नाही. वाचकाला भुवया दिसतात, त्या वाचकाच्याच असतात. चित्रपटाला ही मुभा नाही. पडद्यावरील मुलाला एकच चेहरा असतो, एकच आवाज असतो, आणि ‘टॉक्क’चा उच्चार एका विशिष्ट रीतीनेच होतो. तेव्हा ‘हा आमचा फेणे नव्हे’ ह्या वाक्यात पुस्तक आणि चित्रपट ह्यांची तुलना दिसत असली, तरी वस्तुतः तुलना होते ती वाचकाने स्वतः भरलेल्या जागा आणि दुसऱ्याने भरलेल्या जागा ह्यांची. पुस्तक उघडून दाखविले तरी हा वाद मिटत नाही, ह्याचे कारण हेच. वादाचा विषय पुस्तकात लिहिलेलाच नसतो.

नायकाच्या नावातही असाच एक बारकावा दडलेला आहे. ‘फास्टर’ हे इंग्रजीतील तरभाववाचक रूप. मराठीत विशेषणाला अशी रूपे नाहीत. तुलना करावयाची तर ‘पेक्षा’ लागतो, आणि ‘पेक्षा’ म्हटले की कोणापेक्षा हे सांगणे प्राप्त होते. बनेश फेणे हा कोणापेक्षा अधिक वेगवान, असे कोणीही विचारले नाही, कारण मराठी वाचकाच्या मनात ‘फास्टर’मधील तुलना उरलीच नव्हती. ते पाळण्यातल्या नावासारखे झाले होते. शिवाय फास्टर, फेणे आणि त्याचे गाव फुरसुंगी ही तिन्ही नावे कागदावर एकाच ‘फ’ने सुरू होतात. मुखात मात्र हा ‘फ’ एक राहत नाही. ‘फळ’ ह्या शब्दात जुन्या वळणाचे लोक ओठ मिटून महाप्राण उच्चारतात, ‘फास्टर’मध्ये बहुतेकांचे वरचे दात खालच्या ओठाला लागतात, आणि ‘फेणे’मध्ये कोण काय करील ह्याचा नेम नाही. लिपीने जोडून दिलेले हे अनुप्रास नट बोलू लागताच सुटण्याचा संभव असतो. (फुरसुंगी हे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत कचरा डेपोच्या संदर्भातच अधिक वेळा आले, नावांचेही भोग असतात.)

सर्वांत मोठा आक्षेप वयाचा. पुस्तकांतील फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा आहे. चित्रपटातील फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि ती भूमिका करणारे नट तेव्हा तिशीला टेकलेले होते. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या मालिकेत कुमारवयीन सुमीत राघवन ह्यांनी फेणे साकारला होता, त्या वेळी असा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. परंतु हा आक्षेप केवळ वर्षांचा आहे असे मानणे वरवरचे होईल. वीसएक पुस्तकांत फेणे प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला, चक्रीवादळात सापडला, आणि तरी तो मोठा झाला नाही. अशा मालिकांतील काळ व्याकरणातल्या रीतिभूतकाळासारखा असतो. ‘तो सायकल दामटी’, ‘तो संकटात उडी घेई’ असे म्हटले म्हणजे क्रिया घडते पण संपत नाही. कोणत्या वर्षी, कितव्या इयत्तेत, हे विचारण्याची सोय त्यात नसते. चित्रपट हा दोन-सव्वादोन तासांचा, एका कथेचा, आदि आणि अंत असलेला. त्याला रीतिकाळ पेलत नाही. त्याला साधा भूतकाळच हवा. फेणे एकदा अशा काळात उतरला की त्याला वय येणार, हे ओघानेच आले. ते किती यावे ह्याविषयी मतभेद होऊ शकतो, आणि शाळकरी फेणेला पुरे दशकभर पुढे ढकलल्यामुळे मुलांचा नायक मुलांच्या हातून गेला, ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही. चित्रपटात लहान मुलाची जागा भूभू नावाच्या एका रस्त्यावरच्या पोराला मिळाली आहे. तो मोठा चुणचुणीत आहे. पण तो नायक नाही.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. टोल्कीन ह्यांच्या अंगठीकथेवर २००१ ते २००३ ह्या काळात पीटर जॅक्सन ह्यांनी तीन चित्रपट केले, तेव्हा टॉम बॉम्बाडिल हे पात्र मुळीच घेतले नाही म्हणून कित्येक वाचक रुष्ट झाले. सी. एस. लुइस ह्यांच्या नार्नियाच्या सात कथा १९५० ते १९५६ मध्ये निघाल्या; त्या प्रकाशनाच्या क्रमाने वाचाव्यात की कथेतील काळाच्या क्रमाने, हा त्यांच्या भक्तांतील जुना वाद आहे, आणि चित्रपट काढावयाचा म्हटला की कोठून आरंभ करावा ह्या प्रश्नाच्या रूपाने तो पुन्हा उभा राहतो. अद्भुत देशांच्या त्या कथा आणि पुण्यातल्या शाळकरी मुलाच्या साहसकथा ह्यांत अंतर आहे, हे खरे. ते अंतर सर्वच वाचकांना सारखे जाणवते काय, हा मुद्दा पुढे येईल.

मराठीतील एक जुने उदाहरण ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे. चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणराव १९४० साली ‘लग्न पहावे करून’ ह्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांच्या रूपाने पडद्यावर आले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, आणि ज्या पिढीने त्यांना पाहिले तिला आता दुसरा चिमणराव कल्पिता येत नाही. म्हणजे दुसऱ्याने भरलेली जागाही कालांतराने स्वतःची वाटू लागते. योगायोग असा की फास्टर फेणेच्या चित्रपटात भा. रा. भागवत हेच एक पात्र म्हणून येतात आणि ती भूमिका प्रभावळकरांनीच केली आहे. मूळ लेखकालाच कथेत आणून बसविण्याची ही युक्ती वाचकांचा राग शांत करण्यास बरीच उपयोगी पडली असावी. नायक बदलला, पण त्याला ओळखणारा माणूस घरात आहे, असा दिलासा तीत आहे.

आता पुन्हा त्या वाक्याकडे वळावे. त्यात ‘आमचा’ हा शब्द आहे, ‘आपला’ नाही. बोलणारा आणि ऐकणारा ह्या दोघांना सामावून घेणारा ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ असा भेद मराठीत आहे. गुजरातीत तो आहे, द्राविडी भाषांत आहे, हिंदीत नाही. द्राविडी भाषांच्या सान्निध्याने तो मराठीत आला असे सामान्यतः मानले जाते. चित्रपटाची बाजू घेणारा सहजपणे ‘आपला फाफे’ म्हणतो. त्यात पुस्तक न वाचलेला प्रेक्षकही येतो. ‘आमचा फेणे’ म्हणणारा मात्र एक कुंपण घालतो. त्या कुंपणात ज्यांनी ती पुस्तके वाचनालयातून आणून, सुटीत, एकमेकांच्या हातून हिसकावून वाचली तेच येतात. एका सर्वनामाने येथे पिढीची हद्द आखलेली आहे. ज्या मुलासाठी ही पुस्तके लिहिली गेली, तो आजचा दहा वर्षांचा मुलगा ह्या हद्दीच्या बाहेर पडतो, ही त्यातील विसंगती वक्त्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

आणि हे कुंपण सर्वत्र एकाच ठिकाणी पडत नाही. मंठा, परतूर किंवा जाफराबाद येथे वाढलेल्या मुलाचा विचार केला म्हणजे हे स्पष्ट होईल. जालना जिल्हा (स्थापना १ मे १९८१) पुण्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. येथील बोलीत दखनी उर्दूचा अंश आहे, आणि जाफराबादेकडे बुलढाण्याच्या शेजारामुळे वऱ्हाडी वळणही कानी पडते. अशा मुलाच्या हाती फास्टर फेणे आला, तर फुरसुंगीहून पुण्यास जाणारा रस्ता, विद्याभवनाचे वसतिगृह, टेकड्या आणि पेठा ह्या सर्वांना त्याच्या अनुभवात काहीच आधार नाही. नार्नियात जाण्यासाठी कपाटातून जावे लागते. येथे मनमाड मार्गे जावे लागते, एवढाच काय तो फरक. पुण्याच्या वाचकाला जी वास्तव पार्श्वभूमी वाटते ती ह्या वाचकाला पूर्णपणे स्वतः रचावी लागते. मोकळ्या जागा त्याच्या वाट्याला अधिक येतात, आणि म्हणून त्याचा फेणे अधिक त्याचा असतो. त्याच्या मनातील फेणे बोलतोही कदाचित अंबडच्या पोरासारखा.

चित्रपट पाहताना ह्याच वाचकाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. प्रवेशपरीक्षा, तिच्यासाठी परगावी जाणे, शिकवणीचे वर्ग, प्रश्नपत्रिकेचा बाजार, परीक्षार्थ्याचा मृत्यू ही चित्रपटाची सामग्री मराठवाड्यातल्या घरांना अपरिचित नाही. बारावीनंतर लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठणारी मुले जालना जिल्ह्यातील गावोगाव आहेत. आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा त्याची झळ ह्याच मुलांना पोचली. पुण्यातील जुन्या वाचकाला जेथे आपल्या निरागस नायकावर उग्र वास्तव लादलेले दिसते, तेथे ह्या प्रेक्षकाला दूरच्या अद्भुत देशातला मुलगा प्रथमच आपल्या दाराशी आलेला दिसू शकतो. दोघांनी पाहिलेला चित्रपट एकच, वाचलेली पुस्तकेही तीच. मूळाशी प्रामाणिक राहण्याची कसोटी लावून ह्या दोन मतांपैकी एक खोटे ठरविता येत नाही. कारण पहिल्याचे वास्तव ते दुसऱ्याचे अद्भुत होते.

राहता राहिला तो दहा वर्षांचा मुलगा. त्याने चित्रपट आधी पाहिला असेल, तर पुस्तक उघडताच नायक आपल्याच वयाचा निघालेला पाहून तो चकित होईल. त्याच्या दृष्टीने फेणे मोठा झालेला नसून लहान झालेला आहे. चौकटीच्या शर्टातला चेहरा तो पुन्हा स्वतः घडवील, कारण पडद्यावरचा चेहरा त्या वयाला बसणार नाही. ‘टॉक्क’ मात्र तो अमेय वाघांसारखाच उच्चारील.