नांगर टाकायचे पैसे कशाचे?

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये बसून 'नांगर' म्हटलं की ऐकणाऱ्याला शेतच आठवतं; छत्तीसगडीतही तो नांगरच. आज बोलायचंय होडीच्या नांगराबद्दल. कोकणात फिरून आलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "समुद्र काही कुणाच्या मालकीचा नाही, मग होडी उभी करायला पैसे कसले?"

आधी नांगर धरतो कसा ते पाहू. नुसत्या वजनाने तो होडी धरत नाही, तळाच्या गाळात रुततो. त्याला ओढ आडवी बसावी म्हणून दोर खोलीच्या 5 ते 7 पट सोडतात. म्हणजे 10 मीटर पाण्यात 50 मीटर दोर. वारा किंवा भरती-ओहोटी फिरली की होडी नांगराभोवती फिरते. एवढ्याशा होडीला जवळजवळ 100 मीटर रुंदीचं वर्तुळ मोकळं लागतं! क्वार्टरपुढे लावलेली गाडी रात्रभर जागा सोडत नाही, होडीचं तसं नसतं. म्हणून खाडीत जागेची टंचाई.

आता हक्क. जाणं वेगळं आणि थांबणं वेगळं. एके काळी जाण्याचेच पैसे पडत: पोर्तुगीज 'कार्ताझ' देत, कान्होजी आंग्रे 'दस्तक' घ्यायला लावत. इंग्रजांनी ते दस्तक नाकारलं आणि वैर वाढलं. आज उलट आहे. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार भारताने 1995 मध्ये स्वीकारला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पट्ट्यातून परदेशी जहाज नुसतं गेलं, तर पैसे घेता येत नाहीत. विशिष्ट सेवा दिली तरच घेता येतात. थांबायला, नांगर टाकायला मात्र कारण लागतं: प्रवासाची नेहमीची गरज, नाहीतर संकट.

बंदराच्या हद्दीत आपलीच होडी असली तरी जागा बंदराचा अधिकारी ठरवतो. 1908 च्या बंदर कायद्यात हे होतं, त्याच्या जागी आता 2025 चा कायदा आलाय. महाराष्ट्रातली लहान बंदरं 1996 पासून मेरीटाइम बोर्डाकडे आहेत. समुद्राखालची जमीन तर राज्यघटनेच्या कलम 297 नुसार केंद्राची.

वादळात हा सगळा हिशोब मागे पडतो. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळात केरळच्या 66 आणि तामिळनाडूच्या 2 नौका 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. देवगडला तर गुजरातच्या नौकाही आसऱ्याला येतात. आसरा मिळाला म्हणून तिथे जाळं टाकायचा हक्क मिळत नाही, त्याला 1981 चा राज्याचा मासेमारी कायदा आहे.

तेव्हा शेजाऱ्यांना मी एवढंच सांगितलं: पुढच्या वेळी पावती नीट वाचा. धक्का वापरला, की बंदराने बांधून ठेवलेला बोया, की नुसती बंदरातली जागा? दर त्यावर ठरतो.