मागच्या डिस्कचा मोह

‘काहीही झालं तरी मागे डिस्क बसवणार म्हणजे बसवणार!’ कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास आपटत आमच्या मित्रानं जाहीर केलं. त्याच्याकडे बाबांची दहा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना असतात तसेच. आदल्या रविवारी ताम्हिणी घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल अचानक मऊ पडलं. पाय खाली जातोय, पण गाडी काही थांबत नाहीये! त्यानं गिअर खाली टाकला, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला लागली. गाडीत आम्ही चौघं होतो. त्यामुळे हा विषय फक्त त्याच्या ‘मॉड’चा राहिला नव्हता.

इंटर्नशिपचे साठवलेले पैसे होतेच. नाना पेठेत सुट्या भागांची चौकशीही झाली. फक्त बसवून घ्यायचं बाकी होतं, म्हणून आम्ही सिंहगड रोडवरच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘बसवून देतो की. पण आधी सांग, पेडल मऊ झालं होतं का कडक?’

‘मऊ. एकदम स्पंजसारखं.’

‘मग मागच्या ड्रमला कशाला शिव्या देतोस बाळा? तुझं ऑइल उकळलंय.’

मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, ते ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात वरच्या गिअरमध्ये राहून सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड आणि डिस्क प्रचंड तापतात. ती उष्णता कॅलिपरमधल्या फ्लुइडपर्यंत पोचते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं, पण दाब चाकापर्यंत पोचतच नाही. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर मात्र पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झाल्याची शंका घ्यायची. आमच्या गाडीचं फ्लुइड शेवटचं कधी बदललं, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. आणि या सगळ्यात जास्त तापतात ते पुढचेच ब्रेक.

पुढचेच का? साधा हिशेब करू. समजा गाडी ९०० किलोची आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर ५४० आणि मागच्या चाकांवर ३६० किलो भार आहे. जोरात ब्रेक मारला की गाडी नाकावर झुकते आणि भार पुढे सरकतो. किती सरकतो, ते गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं. उंची ५५ सेंटिमीटर, अंतर २४५ सेंटिमीटर आणि ब्रेकिंग ०.८ जी धरलं, तर साधारण १६० किलो भार पुढे जातो. म्हणजे पुढे ७०० आणि मागे जेमतेम २००. मागची चाकं तेवढ्याच भाराच्या हिशेबानं रस्ता पकडणार. तिथे कितीही भारी ब्रेक लावला तरी पकड वाढत नाही, फक्त चाक लवकर लॉक होतं. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची आधी लॉक झाली तर ती गर्रकन फिरते. घाटात यातलं काय जास्त भीतीदायक, ते सांगायला नको.

तरी डिस्क बसवायचीच म्हटली तर काय काय बदलावं लागतं? ड्रम, ब्रेक शू आणि त्यांच्यामागची प्लेट निघते. त्या जागी रोटर आणि कॅलिपर येतो. तो धरायला नेमक्या मापाचं, मजबूत ब्रॅकेट लागतं. हँडब्रेकची यंत्रणा असलेला कॅलिपर शोधावा लागतो आणि बहुधा केबलही बदलावी लागते. खरी गोम पुढेच आहे. ड्रमचा एक शू चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःच आणखी घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. मोठ्या पिस्टनला फ्लुइड जास्त लागतं आणि जुना मास्टर सिलिंडर ते पुरवताना पेडल खोल जाऊ शकतं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल पुन्हा साधावा लागतो, तो वेगळाच. एबीएस असेल तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर जागच्या जागी, बिनचूक बसायला हवा.

कंपन्या हे करतातच. २०१७मध्ये आलेल्या बलेनो आरएसला चारही डिस्क होत्या, तर साध्या बलेनोला मागे ड्रम. पण तिथे सगळी यंत्रणा कारखान्यात जुळवून, चाचण्या पार करून रस्त्यावर येते. आपण बसवतो तेव्हा ती चाचणी घेणार कोण? त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे बदल मालकाला करता येत नाहीत आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे लावलं. उद्या अपघात झालाच, तर ब्रेकमधला बदल विम्याच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे बोल्ट खोलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारायला हवं.

मग आम्ही केलं काय? काकांनी जुनं फ्लुइड काढलं. ते जवळजवळ कॉफीच्या रंगाचं झालं होतं. नवं भरून चारही चाकांची हवा काढली. पुढचे पॅड चकाकत होते, ते बदलले. ड्रम उघडले तर आत धूळ साचलेली आणि शू ॲडजस्ट न झालेले. ‘हँडब्रेक पार वर येईपर्यंत ओढावा लागत होता ना? गाडी केव्हाची सांगत होती,’ काका म्हणाले. उरलेल्या पैशांतून चार नवे टायर आले. कारण शेवटी गाडी थांबवतो तो टायर, ब्रेक फक्त चाक थांबवतो.

‘ड्रम म्हणजे जुनाट’ हा समजही जाता जाता काढून टाकलेला बरा. फोक्सवॅगनच्या आयडी ३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच आहेत. मोटरच गाडीचा बराच वेग कमी करते, त्यामुळे मागचे ब्रेक कमी वापरले जातात. बंद ड्रममध्ये त्यांना गंजही कमी लागतो.

आणि हात शिवशिवतच असतील तर त्यासाठी कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युला टीम आहे. तिथे ब्रेक स्वतः डिझाइन करता येतात. स्पर्धेत उतरण्याआधी ब्रेकची चाचणीही होते. ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. झाली नाहीत तर गाडी शर्यतीत जात नाही. आमचा मित्र आता आमच्या टीमच्या ब्रेक विभागात आहे आणि भार सरकण्याचं गणित ज्युनियर्सना तोच शिकवतो.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा ताम्हिणी उतरलो. तेच चौघं, तेच मागचे ड्रम. या वेळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. ब्रेक वळणाआधी थोडाच वेळ, पण नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा. खाली विळ्याला चहाला थांबलो तेव्हा पेडल सकाळइतकंच कडक होतं. बिल मात्र त्यालाच भरायला लावलं!